जंत सापडला म्हणजे कारण सापडलं, असं नाही

नेरूळच्या एका ताईंनी विचारलं आहे: "माझा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरीला आहे. किनाऱ्यावर आजारी पडलेले सील आणि सी लायन जिथे ठेवतात त्या दवाखान्यात सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून जायचं म्हणतोय. त्याने एक व्हिडिओ पाठवला. मेलेल्या सी लायनच्या पोटातून मूठभर पांढरे जंत काढत होते. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. हे जंत त्याला लागतील का? एवढे जंत असतात, तर वेळेवर जंताचं औषध देऊन ते प्राणी वाचवता येत नाहीत का? आणि आम्ही दिवाळे कोळीवाड्यातून मासळी आणतो, तिच्या पोटातही कधी कधी असेच वेटोळे घातलेले किडे दिसतात. ते हेच का?"

ताई, आधी काळजीचं बोलू. व्हिडिओतले जंत तुमच्या मुलाला लागणार नाहीत. ते माणसाच्या पोटात जातात ते कच्च्या मासळीतून, मेलेल्या सी लायनला हात लावून नाही. त्याने जपायचं आहे ते लघवीपासून, दातांपासून आणि शिंकेपासून. ते कसं, हे सांगायला मला थोडं लांबून यावं लागेल.

मी ठाण्यात, नौपाड्याला, कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतो. त्याआधी दोन वर्षं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर अशाच एका दवाखान्यात होतो आणि त्यातला बराच वेळ शवविच्छेदनाच्या टेबलाशी गेला. पहिल्याच आठवड्यातली माझी चूक सांगतो, कारण व्हिडिओ पाहून तुमचा जो समज झाला तोच माझा पदवी हातात असताना झाला होता.

सप्टेंबर महिना होता. तीनेक वर्षांचा नर सी लायन रात्री मेला होता. जठर उघडलं तर आत जंतांचा गुंता, शिजवलेल्या शेवयांची मूठ ठेवावी तसा. डोकी अस्तरात रुतलेली आणि जिथे रुतली होती तिथे रुपयाच्या नाण्याएवढे व्रण. मी खूश. कागदावर लिहून टाकलं: जठरात जंत, व्रण, त्यामुळे मृत्यू. विभागातल्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि विचारलं, "किडनी पाहिलीस का?"

किडनी काढून मी बाजूला ठेवली होती, पाहिली नव्हती. सी लायनची किडनी आपल्यासारखी एकसंध नसते. छोट्या छोट्या गोळ्यांचा घड असतो, थेट द्राक्षांसारखा. त्यातलं एक द्राक्ष कापलं की आतले दोन थर स्वच्छ वेगळे दिसायला हवेत. या घडातलं एकेक द्राक्ष फुगलेलं, फिकट, आणि कापलं तर आत सगळा एकच मातकट रंग. लेप्टो. जंत त्याच्या पोटात कितीतरी महिने होते आणि तो त्यांच्यासकट पोहत, मासे मारत, खात होता. मेला तो थोड्या दिवसांत, किडनी बंद पडून.

नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत पागडीचे भाडेकरू असतात ना, जंतांचं तसंच आहे. त्यांचा मुक्काम पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो. घराला थोडी झीज त्यांच्यामुळेही होते, नाही असं नाही. पण इमारत खचली तर पाया कोणी पोखरला ते पाहायचं सोडून पहिलं नाव भाडेकरूंचं घ्यायचं, यात अर्थ नाही. समुद्रात मासे खाऊन जगणाऱ्या सस्तन प्राण्याच्या पोटात जंत नसतील तरच मला नवल वाटेल.

आता लेप्टो. हा शब्द ठाणे-नवी मुंबईतल्या माणसाला समजावून सांगायला नको. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तो घराघरांत पोचला. दर पावसाळ्यात वंदना टॉकीजपाशी पाणी तुंबलं आणि पायाला जखम असताना त्यातून चाललात, की डॉक्टर डॉक्सीसायक्लिन लिहून देतात ते याच आजारासाठी. आपल्याकडे तो उंदीर-घुशींच्या लघवीतून पाण्यात येतो. माझ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पिवळे डोळे घेऊन कुत्री येतात तीही यानेच. तर हाच लेप्टोस्पायरा जिवाणू, त्याचा पोमोना नावाचा प्रकार, कॅलिफोर्नियाच्या सी लायनमध्ये फिरतो. जमिनीवर हा प्रकार डुकरं आणि गुराढोरांत सापडतो. सी लायनमधली साथ पहिल्यांदा १९७० साली नोंदली गेली. तेव्हापासून उन्हाळा सरता सरता काही आजारी प्राणी किनाऱ्याला लागतातच, आणि दर तीन ते पाच वर्षांनी मोठी लाट येते. २००४, २०११ आणि २०१८ ही अशी वर्षं. मधे २०१३ ते २०१७ हा जिवाणू त्या कळपांतून जवळपास नाहीसाच झाला होता आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. मग तो परतला.

लेप्टोचा सी लायन लांबून ओळखू येतो. पुढचे वल्हे पोटावर घट्ट दुमडून बसतो, पोटात कळ आलेलं माणूस हात आवळून बसतं तसा. आणि पाणी पितो. हे वाचायला साधं वाटेल, पण निरोगी सी लायन सहसा पाणी पीतच नाही. त्याला लागतं तेवढं पाणी माशांतून मिळतं. डबक्याला तोंड लावलेला सी लायन दिसला की तिथले जुने लोक लगेच म्हणायचे, किडनी गेली याची. सलाईन लावतो, अँटिबायोटिक देतो, तरीही बरेच जातात.

तुमच्या मुलाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. काही सी लायन अजिबात आजारी दिसत नाहीत आणि तरी महिनोन्‌महिने लघवीतून जिवाणू सोडत असतात. स्वयंसेवकाच्या वाट्याला पहिलं काम कुठलं येतं? पिंजरे धुण्याचं. मोठ्या दाबाच्या पाइपाने विष्ठा-लघवी धुताना जे तुषार उडतात ते डोळ्यात, ओठांवर, हाताच्या ओरखड्यावर बसतात. गमबूट, हातमोजे आणि चष्मा यांचा मान जंतांसाठी नाही, या तुषारांसाठी आहे. मुलाला सांगा, हातावर साधं खरचटलं असेल तरी त्या दिवशी पाइप दुसऱ्याच्या हातात द्यायचा. आणि पिंजऱ्यात काम केल्यावर महिन्याभरात ताप, अंगदुखी, विशेषतः पोटऱ्या ठणकायला लागल्या, तर डॉक्टरकडे गेल्याबरोबर "मी सी लायनच्या पिंजऱ्यात काम करतो" हे वाक्य आधी बोलायचं. अमेरिकेतल्या डॉक्टरला लेप्टो आपल्या डॉक्टरइतका चटकन आठवत नाही.

दुसरा प्रश्न: जंताचं औषध. यात खरी मजा आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

जंत एका जातीचे नसतात आणि प्रत्येकाचा आत शिरायचा रस्ता वेगळा. जठरातले जे तुम्ही पाहिलेत, त्यांची अंडी विष्ठेतून समुद्रात पडतात. त्यातून निघालेली अळी कोळंबीसारखे बारीक जीव खातात, ते जीव मासा खातो, मोठा मासा लहान माशाला खातो, आणि अळी दर वेळी नव्या पोटात वेटोळं घालून वाट पाहत बसते. सील किंवा सी लायनने तो मासा गिळला की ती तिथे वयात येते. म्हणजे दर जेवणाबरोबर नवे जंत. आज औषध देऊन जठर साफ केलं, उद्या समुद्रात सोडलं, की परवापासून पुन्हा भरायला सुरुवात. पाणकावळ्यांच्या पोटातही याच घराण्यातले जंत असतात आणि ते पाणकावळे मजेत पंख पसरून उन्हात बसलेले असतात.

फुप्फुसातले जंत मात्र वेगळं प्रकरण आहे. यांच्याबद्दल मला आदर आहे. सी लायनच्या फुप्फुसात केसाएवढे बारीक जंत राहतात. त्यांची पिल्लं खोकल्याबरोबर घशात येतात, गिळली जातात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. त्या किनाऱ्यावरच्या खडकांत ओपलआय नावाचा एक मासा आहे. तो सी लायनची विष्ठा खातो. अळी माशात गेली, आणि तो मासा पुढे सी लायनने खाल्ला की वर्तुळ पुरं. कोणी इतका चोख धंदा उभा केला असता तर आपण त्याला सलाम ठोकला असता.

सीलच्या श्वासनळ्यांत राहणारे याहून लांब, बोटभर आणि त्याहून मोठे. पहिल्या वर्षातली सीलची पिल्लं दूध सुटून मासे खायला लागली की काही महिन्यांत यांचा त्रास सुरू होतो. नाकातून रक्ताळ शेंबूड, खोकला, मान लांब करून घेतलेला श्वास. एलिफंट सीलच्या पिल्लांत तर हे जंत मोठे व्हायच्या आधीच, अळ्या रक्तवाहिन्यांतून जात असतानाच, इतकी प्रतिक्रिया उठवतात की अंगभर रक्त गोठायला लागतं आणि पिल्लू जातं. विष्ठा तपासली तर अंडी-अळ्या काहीच सापडत नाहीत, कारण जंत अजून वयात आलेले नसतात. तर हो, कधी कधी जंतच मारतो. मी वर जे म्हटलं त्याला ही मोठी पुरवणी जोडून वाचा.

आता समजा अशा पिल्लाला आल्या आल्या जंताचं जालीम औषध दिलं. फुप्फुसातले शेकडो जंत एका रात्रीत मेले. मेलेले जंत जाणार कुठे? तिथेच सडणार, नळ्या बुजवणार, आणि शरीर त्यांच्यावर एकदम तुटून पडल्यामुळे फुप्फुस आणखी सुजणार. जिवंत जंतांशी जुळवून घेतलेलं पिल्लू मेलेल्या जंतांनी मरतं. म्हणून तिथला क्रम असा: आधी पाणी, ऊब, माशांची पातळ पेज. मग अँटिबायोटिक आणि सूज उतरवणारं औषध. प्राणी जरा उभारी धरायला लागला की मग जंताचं औषध, तेही सुजेच्या औषधाच्या पांघरुणाखाली. आपल्या शहरात हृदयात जंत झालेल्या कुत्र्याचं करतात तेही याच धोरणाने. घाईने औषध पाजून पिल्लू गमावलेले लोक मी पाहिलेत, आणि घाई करणाऱ्यांत दयाळू माणसंच जास्त असतात.

अंकुशकृमीचा रस्ता तर तुम्हाला आणखी विचित्र वाटेल. कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन मिगेल बेटावर सी लायनची मोठी वीण होते. तिथल्या नवजात पिल्लाला अंकुशकृमी होतो तो आईच्या दुधातून, जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतच. आईच्या आतड्यात तो नसतो. तिच्या चरबीत अळ्या झोपून असतात आणि दूध उतरलं की जाग्या होतात. पिल्लाचं रक्त प्यायलं जातं, हिरड्या पांढऱ्या पडतात, आतड्याला भोकं पडून जंतुसंसर्ग होतो. पिल्लू तगलं तर सहा-आठ महिन्यांत जंत आपोआप निघून जातात. ठाण्यात रस्त्यावरची पिल्लं पांढऱ्या हिरड्या घेऊन माझ्याकडे येतात त्यांचीही गोष्ट बरीचशी हीच. कुत्रीच्या दुधातूनही अंकुशकृमी पिल्लात जातो. म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की आम्ही जंताचं औषध सुरू करतो आणि लोक म्हणतात, डॉक्टर, अजून याने आईचं दूध सोडून काही खाल्लंच नाही!

एक ओझरता उल्लेख सीलच्या हृदयात राहणाऱ्या जंताचा. कुत्र्याच्या हृदयातला जंत डास पसरवतो. सीलला समुद्रात डास कुठून चावणार? हा जंत उवांमार्फत पसरतो. होय, सीलला उवा असतात आणि त्या खोल बुडीतही केसांना धरून राहतात.

एवढं सांगून झाल्यावर मूळ मुद्द्याकडे येतो. जंत तेच, पण एका वर्षी दहा प्राणी येतात आणि दुसऱ्या वर्षी हजार, असं का? २०१५ च्या पहिल्या पाच महिन्यांत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सी लायनची ३,००० हून जास्त पिल्लं आली. हाडं वर आलेली, कातडी सैल कोटासारखी लोंबणारी. त्यांच्यात जंतही होते. पण समुद्र नेहमीपेक्षा गरम होता, मासे दूर गेले होते, आया शिकारीला लांब जाऊन उशिरा परतत होत्या आणि पिल्लं उपाशी होती. पोट भरलेल्या पिल्लाला जंत परवडतात. उपाशी पिल्लाला तेच जंत भारी पडतात, कारण रक्त करायलाच अंगात काही नसतं. इथे जंताचं औषध हा उपाय आहे का? आहे, पण पाचव्या क्रमांकाचा.

आणि कधी कधी जंतांचा काडीचाही संबंध नसतो. १९९८ च्या मे-जूनमध्ये मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ४०० हून अधिक सी लायन मेले. धडधाकट, चरबीने भरलेले, पोटात मासे असलेले. मरण्याआधी मान हेलकावत होती, फेफरं येत होतं. कारण निघालं समुद्रातल्या एका सूक्ष्म शैवालात. ते फोफावलं की डोमोइक आम्ल नावाचं विष तयार करतं. आपल्या मांदेळीच्या नात्यातले अँचोवी ते शैवाल खातात. माशांना काही होत नाही, सी लायनच्या मेंदूत मात्र ते स्मरणाच्या भागावरच घाव घालतं. वाचलेला प्राणीही पुढे वाट विसरतो, मासे कुठे मिळतात ते विसरतो. अशा प्राण्याचं जठर कोणी उघडलं असतं तर मुठीने जंत मिळाले असते. विषाचा पत्ता लागतो रक्तात, लघवीत आणि मेंदूच्या काचपट्टीत. ते तपासायला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि जंत तर समोर दिसतात. म्हणूनच ते फसवतात.

उत्तर समुद्रातलं उदाहरण याहून मोठं. १९८८ साली तिथे सुमारे १८,००० सील मेले. विषाणू निघाला कुत्र्यांच्या डिस्टेंपरच्या घराण्यातला, म्हणजे आपल्या गोवराचाही भाऊबंद. २००२ मध्ये तो पुन्हा आला. ठाण्यात लस न दिलेल्या पिल्लाला डिस्टेंपर झालेला ज्यांनी पाहिलाय, तो डोळ्यांतला चिकट पू, तो काही न खाता चघळत राहणारा जबडा, त्यांना वेगळं वर्णन नको. सायबेरियातल्या बैकल सरोवरातल्या सीलना तर १९८७-८८ मध्ये खुद्द कुत्र्याचाच डिस्टेंपर झाला होता. हा विषाणू शरीराच्या पहारेकऱ्यांनाच झोपवतो. मग फुप्फुसातले जंत आणि जिवाणू, जे आतापर्यंत मर्यादेत होते, ते मोकाट सुटतात. शवविच्छेदनात दिसतात ते जंत आणि पू. पहारेकरी कोणी झोपवले ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. हा विषाणू माणसाला होत नाही, निश्चिंत राहा.

फ्लूबद्दल मात्र तितकं निश्चिंत राहता येत नाही. १९७९-८० मध्ये अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर पक्ष्यांकडून आलेल्या फ्लूने ४०० हून अधिक सील मेले आणि त्यांचं शवविच्छेदन करणाऱ्या काही जणांचे डोळे आले. अलीकडचं म्हणजे २०२३ मध्ये अर्जेंटिनातल्या वाल्देस द्वीपकल्पावर बर्ड फ्लूने एलिफंट सीलची १७,००० च्या वर पिल्लं मेली. तेव्हापासून मास्क हा माझ्या मते सवयीचा भाग झाला पाहिजे, कोणी सांगो न सांगो. समोर शिंकणारा प्राणी असेल तर डोळेही झाका. सी लायनच्या नाकात माइट म्हणजे बारीक गोचिडीसारखे जीव असतात आणि शिंकेबरोबर ते उडतात. माणसाच्या डोळ्यात गेल्याचीही नोंद आहे. ते तिथे घर करत नाहीत, पण डोळा लाल करून जातात.

चाव्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण मुलगा हे हसण्यावारी नेईल. सी लायन गोंडस दिसतो, पण दात अस्वलासारखे आणि मान वाटते त्याच्या दुप्पट लांब पोचते. सील चावला, किंवा सीलचं मांस-चरबी हाताळताना बोटाला कापलं, तर काही दिवसांत बोट सुजून ठणकतं. नॉर्वेतले जुने सीलशिकारी याला चरबीचं बोट म्हणत. हा आजार करणाऱ्या मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूला पेशीभित्तिका नसते आणि पेनिसिलीन नेमकं पेशीभित्तिकेवरच मारा करतं, त्यामुळे ते इथे फुकट जातं. टेट्रासायक्लिन किंवा डॉक्सीसायक्लिन लागतं. पूर्वी सांधा कायमचा आखडायचा, बोट कापावंही लागायचं. डॉक्टरने चाव्यावर नेहमीचं अँटिबायोटिक दिलं आणि दोन दिवसांत फरक नाही पडला, तर मुलाने सीलचं नाव पुन्हा एकदा काढायचं.

क्षयरोगाचीही एक जात सील आणि सी लायनमध्ये असते. पेरूमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या सांगाड्यांत क्षयाचा जिवाणू सापडला आणि २०१४ साली त्याचा वंश तपासला तर तो याच प्राण्यांच्या जातीशी जुळला. म्हणजे युरोपीय जहाजं पोचायच्या कितीतरी आधी सील तो रोग दक्षिण अमेरिकेत घेऊन गेले होते. मुलाच्या रोजच्या कामात याची भीती धरायचं कारण नाही. मला सांगायला आवडतं म्हणून सांगितलं.

आता तुमची मासळी.

होय, माशाच्या पोटात घड्याळाच्या स्प्रिंगसारखं वेटोळं दिसतं ते बहुधा याच घराण्यातलं, ॲनिसाकिस आणि त्याचे भाऊबंद. वाकटीच्या पोटात ते मी स्वतः ठाण्याच्या मार्केटात पाहिलेत, आणि कोळीण मावशींनी बोटाने पुसून फेकताना मान वरही केली नाही. आपल्या समुद्रात सील नाहीत, सी लायन नाहीत. इथे या जंताला वयात यायला डॉल्फिन आणि देवमासे आहेत. माशात असते ती अळी, आणि ती आपल्या पोटात वाढून मोठी होत नाही. जिवंत गिळली गेली तर जठराच्या भिंतीत घुसायचा प्रयत्न करते आणि काही तासांत मरणाची कळ उठते. हा आजार नीट ओळखला गेला तो १९६० च्या सुमारास नेदरलँड्समध्ये, कारण तिथले लोक हेरिंग जवळजवळ कच्चा खातात. जपानात तो नेहमीचाच.

आपल्या स्वयंपाकात त्याला वाव नाही. कालवण उकळलं, तुकडी आतपर्यंत तळली गेली, की अळी मेली. आतल्या मांसाने ६० अंश गाठले आणि मिनिटभर राखले तरी पुरतं. मेलेली अळी खाण्यात गेली तर किळस सोडून बहुतेकांना काही होत नाही. फार थोड्या लोकांना तिची ॲलर्जी असते आणि ती मात्र शिजवूनही जात नाही. मासळी खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील तर डॉक्टरांशी बोला.

दोन गोष्टींत लोक फसतात. कोकम, लिंबू, व्हिनेगर यांत मासळी मुरवली की तिचा रंग शिजल्यासारखा पांढरा होतो, पण अळी त्यात मरत नाही. मिठाच्या भरवशावरही राहू नका. आणि वाशी-पाम बीचच्या बाजूला आता सुशी मिळते. कच्चा मासा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवलेला असेल तर हरकत नाही. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा तेवढा गार असेलच असं नाही, त्यामुळे घरी हा प्रयोग नको. शिवाय मासा मेला की आतड्यातल्या अळ्या मांसाकडे सरकू शकतात. वाकटी आणली तर तिथेच मावशींकडून पोट साफ करून घ्या, संध्याकाळपर्यंत तशीच ठेवू नका.

शेवटी एक तुम्ही विचारलं नाहीत ते. उरणला पिरवाडीच्या किनाऱ्यावर फिरायला गेलात आणि डॉल्फिन वाळूत पडलेला दिसला, तर मुलाला जे सांगायचं तेच स्वतःला लागू करा. श्वासाच्या भोकावर तोंड नेऊन बघू नका, तिथून उडणारे तुषार शिंकेसारखेच. जिवंत असेल तर परत लाटेत ढकलू नका. तो आजारी आहे म्हणूनच बाहेर आलाय, बुडून मरेल. ओला कपडा अंगावर टाका, श्वासाचं भोक मोकळं ठेवा, सावली करा, गर्दी आणि कुत्री लांब ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. मेलेला असेल तर पोट फुटून जंत बाहेर आलेले दिसू शकतील. फोटो काढलात तर चालेल. पण फोनवर "जंतांनी मेला" असं सांगू नका. जागा, वेळ, लांबी आणि जाळ्याचे वळ आहेत का, एवढंच सांगा. बाकीचं पोट उघडणाऱ्याला ठरवू द्या, आणि त्याने किडनी पाहिली असेल अशी आशा करू.